चार वाजताचा रकाना

मी निघाले त्या दिवशी पिंपळगावच्या चौफुलीवर गाडी अर्धा तास आधीच येऊन थांबली होती, आणि मला कधी एकदा आत बसून दार लावते असं झालं होतं. दुपारचे बारा वाजलेले. द्राक्षांचे टेंपो एकामागून एक वळत होते, ड्रायव्हर आमच्या गाडीवर हॉर्न मारत होते, आणि माझी दुसरी बॅग काही केल्या डिकीत बसत नव्हती. आई रडत नव्हती. ती बॅगेच्या चेनी तपासत होती, तिसऱ्यांदा. मी म्हटलं, आई पुरे कर. ती म्हणाली, "तुला लय घाई झालीय जायची."

घाई होतीच. का होती ते आईला माहीत होतं, आणि आईला माहीत आहे हे मला माहीत होतं. दोघींनी त्याबद्दल एक शब्द कधी काढला नव्हता.

तेवढ्यात हुसेनचाचा आले, सायकल हातात धरून. सोबत त्यांची मुलगी रेहाना. आमच्या गल्लीत शिरलं की आधी त्यांचं घर लागतं, मग दोन घरं सोडून आमचं. चाचांनी खिशातून बेदाण्यांची पुडी काढली आणि माझ्या हातात दिली. म्हणाले, "पोचली की फोन कर, बेटा. आन तिथं कसं हाय ते खरं सांग. चांगलं हाय, चांगलं हाय, असं नको सांगू." मी मान हलवली. रेहाना म्हणाली, "रोज दहा वाक्यं मोठ्यानं बोल. चुकलीस तरी बोल. लाजू नकोस." मला इंग्रजी तिनं शिकवलं. तिच्या समोरच्या खोलीत, दोन बाकांवर, दीड वर्ष.

गाडी सुटली तेव्हा मला रडू आलं नाही. हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण आज खरं तेच लिहायचं ठरवलंय. परगावी गेलेल्या बायका लिहितात की गाव सुटलं आणि पोटात कालवलं. माझ्या पोटात आधीच दोन वर्षं कालवत होतं. मला वाटलं, हुसेनचाचा दिसेनासे झाले की ते थांबेल.

आता तुम्हाला मूळ गोष्ट सांगते. गावात राहिलात त्यांनाही सांगते आणि माझ्यासारख्या निघून आलात त्यांनाही, कारण अर्धी गोष्ट इथं घडली आणि अर्धी तिथं.

बी.ए. झाल्यावर मी द्राक्षांच्या पॅकहाउसला लागले. आई तिथं बारा वर्षं पॅकिंग टेबलावर होती. टोपी, ॲप्रन, हातमोजे, छोटी कात्री; घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही. माझं अक्षर बरं म्हणून मला कोल्ड रूमची वही दिली. काम साधं. दर दोन तासांनी कोल्ड रूमच्या दाराशी जायचं, काचेतला आकडा बघायचा आणि वहीत लिहायचा. आठ वाजता किती, दहा वाजता किती, बारा, दोन, चार. खाली सही. आकडा वाढलेला दिसला तर इलेक्ट्रिशियनला फोन करायचा. चार वाजल्यापासून मशीन हुसेनचाचांकडं. ते तिथं अठरा वर्षं होते, मशीनच्या आवाजावरून सांगायचे आत काय चाललंय ते.

आणि वही आम्ही कशी भरायचो, तर सकाळी एकदाच. आठ ते चार सगळे रकाने, सगळ्यांत अर्धा डिग्री, मधेच एखाद्या ठिकाणी पाऊण, म्हणजे खरं वाटावं. ही माझी अक्कल नव्हती. माझ्याआधीच्या मुलीनं मला तसंच शिकवलं, तिला तिच्याआधीच्या कोणीतरी. तपासणीला माणूस कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा वही कधी रिकामी दिसली नाही पाहिजे, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मशीन चांगलं होतं. आकडा नेहमी अर्धाच असायचा. मग चार वेळा उठून बघायला कशाला जायचं? पहिल्या आठवड्यात मी खरंच जाऊन बघायचे, तर टेबलावरच्या बायका हसायच्या. म्हणायच्या, कविताला थंडी लागत नाय वाटतं.

एका दिवशी आमच्याकडं पाहुणे यायचे होते, मला बघायला. पावणेचारला आई टेबलावरून म्हणाली, "जा तू, साडी नेस. वही भरलीय ना?" वही सकाळीच भरलेली. मी गेले.

चार वाजता हुसेनचाचा कामावर आले. काचेत आकडा नऊ होता. मशीन दुपारीच कधीतरी बंद पडलेलं. मॅनेजर नाशिकला गेलेले, मी घरी, म्हणून चाचा एकटेच मशीनशी झटत बसले. मॅनेजर साडेसहाला परत आले तेव्हा आत बारा होते आणि निर्यातीचा माल कामातून गेलेला. चाचा म्हणाले, साहेब, मी आलो तेव्हाच नऊ होतं. मॅनेजरनी वही उघडली. चारच्या रकान्यात अर्धा, खाली माझी सही.

मला घरून बोलावलं. मी साडीतच गेले, पाहुणे बसलेले सोडून. सगळे कोल्ड रूमपाशी उभे होते. आई माझ्या मागोमाग आलेली, तिच्या टेबलाजवळ उभी. मॅनेजरनी वही माझ्यापुढं धरली आणि विचारलं, "कविता, चार वाजता तू बघितलंस?"

मी म्हटलं, "हो."

एवढंच. एका अक्षराचं काम. ते बोलताना मी आईकडं बघितलं आणि आईनं मान खाली घातली. चाचांकडं बघितलंच नाही. मॅनेजर चाचांना म्हणाले, चारला अर्धा होतं म्हणजे मशीन तुमच्या वेळेत बंद पडलं, तुम्ही झोपला होतात, आणि वर खोटं बोलताय. चाचा म्हणाले, मी झोपलो नव्हतो. एकदाच म्हणाले. अठरा वर्षं काम केलेल्या माणसाचं तोंड, आणि समोर माझ्या चांगल्या अक्षरातली वही. वहीच खरी ठरली. दुसऱ्या दिवसापासून चाचा कामावर नव्हते. पिंपळगाव केवढंसं आहे, दुसऱ्या कुठल्या कोल्ड स्टोअरेजनं त्यांना उभं केलं नाही. त्यांनी घराच्या ओट्यावर जुने फ्रिज दुरुस्त करायला सुरुवात केली.

घरी जाताना आई म्हणाली, "झालं ते झालं. तू काय जलमभर इथं राहणार हायेस?" पाहुण्यांकडून काही कळलं नाही. मी पॅकहाउस सोडलं. त्यानंतर मी गल्लीतून यायची बंद झाले. मागच्या बाजूनं, कालव्याच्या कडेनं एक पायवाट होती, चिखलाची, तिथून घरी यायचे.

पुढं इंग्लंडला केअर होममध्ये कामाला माणसं लागतात असं कळलं. त्यासाठी नाशिकला सहा महिन्यांचा कोर्स आणि इंग्रजीची परीक्षा. इंग्रजीच्या क्लासचं आईनंच ठरवलं. म्हणाली, रेहानाएवढं चांगलं कोणी शिकवत नाय, नाशिकपर्यंत कशाला जातीस. मी आईच्या तोंडाकडं बघत राहिले. तिला खरंच त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, का तिला वाटत होतं की असं रोज जाऊन बसल्यानं आपोआप काहीतरी फिटेल, हे मला आजही सांगता येणार नाही. मी नाही म्हणायला हवं होतं, नाहीतर जाऊन सगळं सांगायला हवं होतं. मी दोन्ही केलं नाही. वही घेऊन गेले.

रेहानाची शिकवायची पद्धत अशी की पुस्तकातलं वाक्य चालायचं नाही. ज्यानं त्यानं आपल्या घरातलं वाक्य आणायचं. मस्ट, म्हणजे केलंच पाहिजे, शिकवलं त्या दिवशी सगळ्यांचे वडील वाक्यांतून वर्गात आले, शुडला सगळ्यांच्या आया. माइटला माझा मामा आला, जो प्रत्येक लग्नाला 'येतो, बघतो, जमवतो' म्हणतो आणि येत नाही. आम्ही पाच जणी होतो, हसून हसून बेजार व्हायचो. रेहाना म्हणायची, हे शब्द म्हणजे काम नाही, कामाबद्दलचं मन आहे. करू शकते, करायला पाहिजे, करीन कदाचित. काम अजून व्हायचंच आहे. मला हे शब्द पटकन जमले. न झालेल्या कामाबद्दल बोलायला मला कधीच त्रास झाला नाही.

त्रास भूतकाळाचा. मराठीतही केलं, केलंय, केलं होतं, करायचे असं सगळं आहे, पण बोलताना ते मोजतं कोण? इंग्रजीत पावलोपावली विचारतात. कधी केलं, त्याच्या आधी काय झालं होतं, ते अजून चालू आहे का संपलं. मला ती उलटतपासणी वाटायची. रेहाना फळ्यावर आडवी रेघ मारायची, मधे एक टिंब, म्हणजे आत्ता, आणि मागं एकेक फुली. ही गोष्ट इथं झाली, ही तिच्या आधी. तिची रेघ अगदी माझ्या वहीच्या रकान्यांसारखी दिसायची. आठ, दहा, बारा, दोन, चार. मी बाकावर चुळबूळ करायचे. पाणी प्यायला उठायचे. रेहानाला वाटायचं मला कंटाळा येतो.

एकदा तिनं सांगितलं, प्रत्येकीनं तीन वाक्यं सांगा, जे करायला पाहिजे होतं आणि केलं नाही ते. एकीनं बहिणीला फोन करायला हवा होता. एक म्हणाली, मी सायन्स घ्यायला नको होतं. आतल्या दाराशी चाचा एका फ्रिजचा मागचा पत्रा उघडून बसले होते, स्क्रू वाटीत टाकल्याचा आवाज येत होता. माझी पाळी आली. मी म्हटलं, मी सकाळी नाश्ता करायला हवा होता. मी छत्री आणायला हवी होती. मी लवकर उठायला हवं होतं. रेहाना हसली. "तुझं आयुष्य किती सरळ आहे गं, कविता." आत स्क्रू पडायचे थांबले होते. मला वाटलं चाचा ऐकतायत. कदाचित त्यांना फक्त पुढचा स्क्रू सापडत नसेल.

दीड वर्ष मी त्या घरात बसले. चाची चहा द्यायच्या. ईदला शीरखुर्मा खाल्ला. रोज जाताना ठरवायचे, आज सांगायचं. रोज येताना म्हणायचे, परीक्षा झाली की सांगू. मग व्हिसा आला की. मग निघताना. निघतानाचं तुम्हाला सांगितलंच.

इथं मी समुद्राकाठच्या एका छोट्या गावात आहे. वारा असा की छत्री उलटी होते, म्हणून लोक छत्री घेतच नाहीत. सकाळी सातला ड्यूटी, गुडघ्यापर्यंतचा कोट, कॉर्नरवरून बस. पहिल्या महिन्यात सीनिअर मला म्हणाली, तुला कप धुवायला आवडतील कदाचित. मी म्हटलं, नो, थँक यू. ती माझ्याकडं बघतच राहिली. मला वाटलं विचारतेय. घरी आल्यावर उमगलं, आईसुद्धा असंच म्हणते, "बघ बाई, जमलं तर तेवढी भांडी." जमलं तर म्हणजे आत्ता, या मिनिटाला. मग मला इथलं इंग्रजी कळायला लागलं. इकडच्या बायका सगळ्या माझ्या आईसारखंच बोलतात, फक्त प्लीज लावून.

पण पोटातलं काही थांबलं नाही. सुट्टीच्या दिवशी मला खोलीत बसवत नाही. समुद्राच्या कडेनं दोन टोकांपर्यंत जाते आणि परत येते, कोणी विचारलं तर सांगते व्यायाम. आईला फोनवर सांगते, चांगलं आहे, सगळं चांगलं आहे. चाचांना पोचल्याचा फोन मी केला नाही. बेदाणे कपाटात तसेच होते, पुडीची गाठ न सोडलेली.

आता मार्गारेटचं सांगते. ती आमच्या होममधली, सतरा नंबरच्या खोलीतली म्हातारी. हाडांचा सापळा, पण केस रोज विंचरून घेणार, मोत्यांची माळ घालणार. तिला आठवत नाही काही. दर पंधरा मिनिटांनी विचारते, माझा चहा झालाय का? आपण सांगायचं, झालाय, किंवा आणते आता. तिनं पाणी कमी प्यायलं की ती आजारी पडते, म्हणून तिच्या दारामागं कागदाचा तक्ता टांगलेला. दर दोन तासांनी काय प्यायली, किती प्यायली, खाली सही. बाकी सगळं टॅबवर असतं, तेवढा एक कागद.

मी पहिल्यांदा तो तक्ता बघितला तेव्हा आधी चारचा रकाना शोधला. वर्षभर मी एकेक रकाना वेळेवर भरला, कप रिकामा बघून. मग हिवाळ्यात माणसं आजारी पडायला लागली, सहा जणींचं काम तिघींवर आलं, आणि एका सकाळी मी मार्गारेटचा तक्ता हातात घेतला आणि आठ वाजताच चारपर्यंत भरून टाकला. चहा, ज्यूस, सूप, पाणी, चहा. विचारसुद्धा केला नाही. हातच चालला. संध्याकाळी लक्षात आलं तेव्हा स्वतःला म्हटलं, दिलं तर होतंच सगळं. आणि दुसऱ्या दिवशी परत भरला. तिसऱ्या दिवशीही.

त्या तिसऱ्या दिवशी माझ्याकडं दोन आजोबा पडलेले, एकाला दवाखान्यात न्यायचं होतं. बारा वाजता मार्गारेटला सूप द्यायचं राहिलं. दहाचा ज्यूसही राहिला होता. तिनं माझ्यासोबत कामावर असलेल्या दुसऱ्या मुलीला विचारलं, माझं झालंय का? त्या पोरीनं दारामागचा तक्ता बघितला आणि प्रेमानं सांगितलं, हो मार्गारेट, तुझं झालंय. तिनं परत विचारलं. परत हो. सव्वाला मार्गारेटची मुलगी जेन आली. मार्गारेट तिला म्हणाली, मला सकाळपासून कोणी काही दिलं नाही. जेनला सवय आहे, आई विसरते. ती समजूत घालायला तक्ता काढून दाखवायला गेली. बघ आई, दहाला ज्यूस, बाराला सूप. आणि मग तिला पुढचे रकाने दिसले. दोन वाजता पाणी. चार वाजता चहा. तिनं घड्याळात बघितलं. दोन वाजायला अजून पाऊण तास होता.

ती माझ्यावर ओरडली नाही. तक्ता हातात धरून म्हणाली, आई खरं सांगत होती आणि मी तिलाच खोटं पाडत होते, या कागदावरून. मी तिच्यासमोर उभी होते आणि मला तिचा चेहरा दिसतच नव्हता. मला दिसत होते हुसेनचाचा, कोल्ड रूमच्या दाराशी, एकदाच बोलून गप्प झालेले.

मॅनेजर लिंडानं दुसऱ्या दिवशी दुपारी बोलावलं, आधी लेखी द्यायला सांगितलं. बिन्सी म्हणून केरळची नर्स आहे, माझ्यावर जीव असलेली. ती म्हणाली, लिही की आदल्या दिवसाचे आकडे चुकून त्या कागदावर पडले, गडबडीत होतं असं. नोकरी गेली तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला की दोन महिन्यांत बॅग भर. व्हिसाचं ती खोटं बोलत नव्हती. आईला फोन केला. आई सगळं ऐकून म्हणाली, "मग सांग ना दुसरं कायतरी. तिथं कोण बघायला आलंय?"

आईवर मी कधी आवाज चढवला नाही, त्या दिवशी चढवला. म्हटलं, आई, तेव्हा तू मान खाली घातलीस, आता परत घालतेस. ती म्हणाली, "मी तुला लवकर घरी धाडलं होतं. माझ्यामुळं झालं ते." इतकी वर्षं तिनं तेच धरून ठेवलं होतं, आणि मला वाटायचं तिला काही वाटतच नाही. मी फोन ठेवला आणि कागद घेतला.

रेहानाची रेघ आठवली. मधे टिंब, मागं फुल्या. मी लिहिलं, मी आठ वाजता सगळे रकाने भरले. मी तिला दहाला आणि बाराला काही दिलं नाही. मी बघितलं नाही. मी हे तीन दिवस केलं. मी भारतातही असंच करायचे आणि तिथं त्यामुळं एका माणसाची नोकरी गेली. हे शेवटचं कोणी विचारलं नव्हतं. पेन थांबेना म्हणून लिहिलं. पुढं लिहिलं, काय करायला हवं होतं ते. एकही वाक्य छत्रीचं नव्हतं.

लिंडानं कागद वाचला, चष्मा काढला, आणि विचारलं, तू तिला पिताना बघितलंस का? मी म्हटलं, नो. तिच्या शेजारी जेन बसली होती. मग दोन आठवडे मी घरी, बिनकामाची. दिवसातून चार वेळा समुद्राच्या त्या टोकापर्यंत. बॅग पलंगाखालून काढून ठेवली होती. शेवटी पत्र आलं की कामावर या, लेखी ताकीद, सहा महिने एक सीनिअर सोबत, आणि ट्रेनिंग पहिल्यापासून. जेननं सांगितलं होतं म्हणे, की ती खरं बोलली तेवढं धरा, पण आईच्या खोलीत तिला एकटीला पाठवू नका. बरोबरच आहे. मी अजून सतरा नंबरला एकटी जात नाही.

त्या दोन आठवड्यांत मी तीन पत्रं लिहिली. एक पॅकहाउसच्या मॅनेजरना, सही करून. दुसरं रेहानाला, मराठीत, सगळं, पाहुण्यांपासून बेदाण्यांपर्यंत. तिसरं चाचांसाठी, चारच ओळींचं, कुणालाही दाखवता येईल असं. तिन्हींचे फोटो काढून पाठवले. मॅनेजरचं आजपर्यंत काही आलं नाही. रेहानाचं सहा दिवस काही आलं नाही, फक्त वाचल्याच्या दोन निळ्या खुणा. सातव्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. इथं सकाळ होती, तिथं दुपार.

पडद्यावर चाचा होते. ओट्यावर बसलेले, मागं एक उघडा फ्रिज. खूप म्हातारे दिसले. रेहाना फोन धरून होती, पण ती समोर आली नाही. कडेला तिचा अंगठा तेवढा दिसत होता, काचेवर घट्ट दाबलेला.

मी बोलायला सुरुवात केली तर चाचांनी हात वर केला. म्हणाले, "रेहानानं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मी." मग म्हणाले, "मला तवाच कळलं होतं. चारची शाई आन आठची शाई एकच होती, एका दमात लिहिलेली. मला वाटलं पोर घाबरली, दोन दिवसांत येईल सांगायला. मग तू क्लासला येऊ लागली. मला वाटलं, आता रोज येतीय, आज सांगंल." ते माझ्याकडं नाही, हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडं बघत होते. "दीड वरीस वाट बघितली, बेटा. चौफुलीवर पण आलो."

मग त्यांनी वर बघितलं आणि जो प्रश्न त्या दिवशी मॅनेजरनी विचारला होता तोच विचारला, सावकाश, शेजारच्या ओट्यावरच्या माणसांनाही ऐकू जाईल असा. "कविता, चार वाजता तू बघितलं होतं?"

"नाही, चाचा," मी म्हटलं. "मी बघितलं नव्हतं."

"नऊ होतं," चाचा म्हणाले.

"नऊ होतं, चाचा."

त्यांनी मान हलवली. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, मी विचारलंही नाही. त्या चार ओळी त्यांनी छापून घेतल्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, आणि जुन्या कोल्ड स्टोअरेजवाल्यांना दाखवून येतायत, सायकलवरून, असं नंतर आईनं सांगितलं. काम मिळेल असं काही नाही, वय झालंय. तरी दाखवतात. कॉल संपायच्या आधी रेहानाचा आवाज आला. "झालं का? ठेवू?" दीड वर्ष जिनं मला बोलायला शिकवलं तिचा तेवढाच आवाज. मी हो म्हटलं. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

आईला आता गल्लीतून जाताना मान वर करवत नाही म्हणे. ती माझ्यावर चिडलीय आणि रोज फोनही करते. मला सहा महिने झाले की सुट्टी मिळेल, तोवर द्राक्षांचा सीझन संपलेला असेल. मी तिकीट बघून ठेवलंय. रात्रंदिवस तेच डोक्यात फिरतं. चौफुलीला उतरायचं, बॅग ओढत गल्लीत शिरायचं, ओट्यावर चाचा असतील, समोरच्या खोलीत रेहानाचा क्लास चालू असेल, खिडकी उघडी. ती बाहेर येईल का? बेदाण्याची पुडी मी अखेर सोडली, परवा, आणि अर्धी ठेवलीय, परत नेण्यासाठी. चाचांसमोर बसून खायचीय. ते बसू देतील तर.

घर म्हणजे काय, असं इथं आलेल्या आम्ही सगळ्या एकमेकींना विचारत असतो. कोणी आईच्या हातचं म्हणते, कोणी अंगण. माझं घर म्हणजे आता ती शंभर पावलं आहेत, चाचांच्या ओट्यापासून आमच्या दारापर्यंतची. कालव्याच्या कडेची पायवाट अजून आहे का, असं मी आईला सहज विचारलं. ती म्हणाली, नाय, तिथं भिंत घातलीय कोणीतरी. आता एकच रस्ता हाय.

मी म्हटलं, बरं झालं.